ती आली तर मी येतो

सत्तराव्या वाढदिवसाला माणसाने काय मागावं याला काही धरबंध नसतो. कोणी नवी कवळी मागतं, कोणी सुनेने बोलणं कमी करावं असं मागतं. चौकशीच्या बाबांनी एक फोटो मागितला. चौघा भावंडांचा, एका वेळी, एका ठिकाणी, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फोटोवाल्या बाईंच्या स्टुडिओत. शनिवारी चार वाजता. बस्स.

चौकशी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हतं. लहानपणी ती येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायची म्हणून मोठ्या काकांनी ते ठेवलं, आणि चौतिशी आली तरी ते चिकटून राहिलं. नोकरीही तिला नावाला साजेशीच मिळाली होती. कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या एका कंपनीत ती होती. कोणत्या यंत्रात कोणता भाग बसतो, त्या भागात कोणता छोटा भाग, त्यात आणखी कोणता, असं खाली खाली विचारत जाणारे ते प्रोग्राम. यंत्राला 'हे कर, ते कर' असं सांगायचं नाही, फक्त नियम सांगायचे: अमुक खरं असेल तर तमुक खरं. मग प्रश्न विचारायचा आणि यंत्र नियमांच्या मागे धावत जाऊन उत्तर आणतं. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच होते, आणि बाबांना लेकीच्या कामातलं एवढंच कळलं होतं की ती दिवसभर बसून प्रश्न विचारते आणि त्याचा तिला पगार मिळतो.

फोटोचं मागणं ऐकायला सोपं होतं. पण या चौघांचा एकत्र असा एकही फोटो जगात नव्हता. एका फोटोत मोठे काका नाहीत, कारण तो त्यांनीच काढला. एकात आत्या नाही, तिला गालगुंड झालं होतं आणि तिने कपाटात कोंडून घेतलं होतं. एकात बाबा आहेत, पण फक्त कोपर. धाकटे काका सगळ्यांत आहेत, पण प्रत्येकात हललेले. आणि गेली अकरा वर्षं तर चौघं एका खोलीत बसलेच नव्हते. भांडण म्हणावं तर भांडणही नव्हतं. कोणी कोणाबद्दल वाईट बोलत नसे, चांगलंही बोलत नसे, आणि का ते विचारलं तर प्रत्येकजण हवापाण्याच्या गोष्टी काढी.

"तू सगळ्यांना फोन कर," बाबा म्हणाले. "सगळे येणार असतील तर मी येतो. नाहीतर मी एकटा तिथे जाऊन काय करू?"

बुधवारी सकाळी चौकशीने पहिला फोन मोठ्या काकांना लावला. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक ते, फोनवरही उभं राहून बोलायचे.

"माझी काहीच हरकत नाही," ते म्हणाले. "तुझी आत्या येणार असेल तर मी येतो. तिला विचार."

आत्या म्हणजे हॉस्पिटलातली निवृत्त मेट्रन. तिच्या आवाजाने अजूनही माणसं आपापल्या खाटेवर जाऊन पडतील. "मला काय, मी येईन. धाकटा येणार असेल तर. त्याला विचार आधी."

धाकट्या काकांचा फर्निचरचा कारखाना. करवतीच्या आवाजातून ते ओरडले, "दादा येणार का? दादा आला तर मी आलोच समज. दादाला विचार."

चौकशी आज्ञाधारक मुलगी. तिने दादाला, म्हणजे मोठ्या काकांना, पुन्हा फोन लावला. त्यांनी आत्याला विचारायला सांगितलं. आत्याने धाकट्याला. धाकट्यांनी दादाला. तिसऱ्या फेरीत मोठे काका म्हणाले, "चौकशी, हे तू सकाळपासून दोनदा विचारलंस. वर्गात असतीस तर बाहेर उभं केलं असतं." आत्या म्हणाली, "तुला कंपनीत कामं नाहीत का?" आणि धाकट्या काकांनी फोन उचलून नुसतंच "दादाला" म्हटलं आणि ठेवला.

तेवढ्यात फोटोवाल्या बाईंचा फोन आला. "किती खुर्च्या मांडू?"

"कळवते."

"लवकर कळवा. खुर्च्या माळ्यावर आहेत. माझे गुडघे काही भाड्याने आणलेले नाहीत."

गुरुवारी चौकशीने तेच केलं जे तिच्या धंद्यातलं कोणीही शहाणं माणूस करणार नाही. घरची भानगड तिने ऑफिसच्या यंत्रात घातली. चार ओळी लिहिल्या. आत्या आली तर मोठे काका येणार. धाकटे काका आले तर आत्या येणार. मोठे काका आले तर धाकटे काका येणार. तिघंही आले तर बाबा येणार. मग विचारलं: कोण येणार?

यंत्र विचारात पडलं. ते पडलं ते पडलंच. मोठे काका येणार का हे शोधायला ते आत्याकडे गेलं, आत्यासाठी धाकट्यांकडे, धाकट्यांसाठी पुन्हा मोठ्या काकांकडे, आणि आपण इथे मघाशी येऊन गेलो हे काही त्याच्या गावी नव्हतं. चौकशीला निदान मुख्याध्यापकांनी तिसऱ्या फेरीत झापलं तरी होतं, यंत्राला तेवढंही कोणी नव्हतं. पंखा घरघरायला लागला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी उठून आला. याला सगळे टिंब म्हणत, कारण त्यांच्या प्रोग्रामच्या भाषेत प्रत्येक ओळ टिंबाने संपवावी लागते आणि नेमकं ते टिंब हा विसरायचा.

"वही दिली नाहीस त्याला?" टिंब म्हणाला.

चौकशीने कपाळावर हात मारला. आठ वर्षं ती नव्या माणसांना हेच शिकवत आली होती. प्रश्न विचारला की तो आधी वहीत लिहायचा. तोच प्रश्न फिरून आला तर पुन्हा शोधत धावायचं नाही, वही बघायची. उत्तर सापडलेलं असेल तर तिथून उचलायचं. अजून सापडलं नसेल तर त्या प्रश्नाखाली रांगेत गप्प थांबायचं, उत्तर येईल तेव्हा रांगेतल्या सगळ्यांना मिळेल. आणि सगळेच एकमेकांसाठी थांबलेत, नवीन काही कोणाकडे उरलेलं नाही असं दिसलं, की वही मिटायची. मिटताना ज्याच्यासमोर 'हो' आलेलं नाही त्याचं उत्तर 'नाही'. तिच्या धंद्यात यापेक्षा सुंदर गोष्ट नाही असं तिचं मत होतं, आणि ते तिने एका लग्नाच्या मुलालाही ऐकवलं होतं. तो पुन्हा दिसला नाही.

तिने वहीची ओळ घातली. पंखा शांत झाला. क्षणात उत्तर आलं.

मोठे काका: नाही. आत्या: नाही. धाकटे काका: नाही. बाबा: नाही.

चौकशी पडद्याकडे बघत राहिली. चुकलेलं काही नव्हतं. कोणीच नाही म्हणालं नव्हतं हे खरं, पण कोणी नुसतं 'हो'ही म्हणालं नव्हतं. 'तो आला तर', 'ती आली तर'. सगळा भार एकमेकांच्या खांद्यावर, आणि जमिनीवर पाय एकाचाही नाही. असल्या ठिकाणी यंत्र कोणाला आणून बसवणार? बाबांनी आयुष्यात तिच्याकडे तीनच गोष्टी मागितल्या होत्या, आणि आधीच्या दोन म्हणजे चष्मा आणि मीठ.

"एक खोटी ओळ टाक," टिंबने सुचवलं. "काकांना सांग, आत्या हो म्हणाली. काका हो म्हणतील, मग दुसरे काका, मग आत्या. शेवटी सगळं खरंच होतंय. मग खोटं कुठे उरलं?"

सल्ला चोख होता. चौकशीने मोठ्या काकांचा नंबर लावलासुद्धा. पण घंटी वाजत असताना तिला पुढचं दिसलं. एकाने जरी आत्याला उलटून विचारलं असतं तर पुढची अकरा वर्षंही गेली असती. "काका, काही नाही, सहज," ती म्हणाली. मोठे काका म्हणाले, "मोजतोय मी. हा चौथा."

संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबा पाण्याचे मीटर दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेला माणूस. अडलेलं काही दिसलं की ते आधी उघडून बघायचे, मग बोलायचे. त्यांनी चौकशीचा लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"ही चौथी ओळ माझी?"

"हो. तिघं आले तर बाबा येणार."

"म्हणजे मीही तसलाच."

"तुम्ही म्हणालात तसं लिहिलं."

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "माझी ओळ काढ. मी येणार. कोणी येवो न येवो. असं लिहिता येतं का?"

"येतं. सगळ्यांत सोपी ओळ ती." तिने लिहिलं: बाबा येणार. टिंब दिलं. जुनी उत्तरं पुसली, कारण जुन्या नियमांवरची वही नव्या नियमांना चालत नाही, आणि पुन्हा विचारलं. उत्तर आलं आणि तिने पटकन लॅपटॉप मिटला.

"दाखव," बाबा म्हणाले.

"बाबा, यंत्र आहे ते. त्याला काय अक्कल."

"दाखव."

बाबा: हो. मोठे काका: नाही. आत्या: नाही. धाकटे काका: नाही.

बाबांनी ते दोनदा वाचलं. चौकशीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिघांपैकी एकानेही 'तुझे बाबा येणार असतील तर' असं म्हटलं नव्हतं. बाबांच्या येण्यावर कोणाचंच येणं अडलं नव्हतं. हे तिला पहिल्या फेरीतच कळायला हवं होतं, पण माणूस फोनवर शब्द ऐकतो, न बोललेलं कुठे ऐकतो.

"हं," बाबा म्हणाले. "फोटोवाल्या बाईंना सांग, एक खुर्ची."

शनिवारी चारला पाच कमी असताना बाबा स्टुडिओत शिरले. पांढरा शर्ट, वर कोट, आणि केसांना इतकं तेल की बाईंनी आल्या आल्या दिवा जरा बाजूला वळवला. मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा होता. पडद्यासमोर एकच खुर्ची होती. बाबा तीवर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले.

"काढू?" बाईंनी विचारलं.

"थांबा जरा."

साडेचारला बाईंनी पुन्हा विचारलं. पाचला एका मुलीचा पासपोर्टचा फोटो काढायचा होता, तेव्हा बाबा खुर्चीसकट बाजूला सरकले आणि मग पुन्हा धबधब्यासमोर आले. चौकशीने तिघांनाही निरोप दिला होता: बाबा शनिवारी चारपासून स्टुडिओत आहेत. तेवढाच. कोणी येणार की नाही हे तिने या वेळी विचारलंच नव्हतं. नोकरी लागल्यापासून प्रश्न न विचारता निरोप देण्याची ही तिची पहिलीच खेप.

सव्वापाचला तिच्याने राहवेना. तिने बाहेर फुटपाथवर येऊन आत्याला फोन लावला.

"आत्या, बाबा एकटेच बसलेत."

"एकटा?" आत्या म्हणाली. "कधीपासून?"

"चारपासून. सव्वा तास झाला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाली, "मी तीन तास बसले होते."

आणि मग ते बाहेर आलं, अकरा वर्षांनी, अगदी सपाट आवाजात, पेशंटचा ताप सांगावा तसं. आत्या निवृत्त झाली तेव्हा तिने एका हॉटेलात चौघांसाठी टेबल राखून ठेवलं होतं. तिन्ही भावांना बोलावलं होतं. 'कोण कोण येतंय' असं तिने कोणालाच विचारलं नव्हतं, सरळ जाऊन बसली होती. भावांनी मात्र एकमेकांना विचारलं. मोठे काका बाबांना म्हणाले, तू जाणार असशील तर. बाबा म्हणाले, धाकटा जाणार असेल तर. तिघांनी दिवसभर फोनाफोनी केली आणि एकही घराबाहेर पडला नाही. वेटरने चार ताटं मांडली, मग तीन उचलून नेली. आत्याने काही मागवलं नाही, कारण सगळे आल्यावर मागवू असं तिच्या मनात होतं.

"तेव्हापासून मी कुठेही पहिली जात नाही," ती म्हणाली.

चौकशीने उघड्या दारातून आत बाबांकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्यांना घरी नेऊ का?"

"कशाला?" आत्या म्हणाली. "बसू दे तीन तास."

चौकशीने आत जाऊन बाबांना सांगितलं. सगळं, हॉटेलासकट. बाबा खाली बघत ऐकत होते. त्यांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

"बाई, सातपर्यंत बसलो तर चालेल?"

"मी सहाला बंद करते," बाई म्हणाल्या. पण त्या बाहेरचं सगळं ऐकत होत्या, दार कुठे लावलं होतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आज सातला करते. माझं काय, घरी जाऊन गुडघेच चोळायचे."

बाबा बसले. साडेपाच, सहा, साडेसहा. हात गुडघ्यांवर. पाणीसुद्धा नको म्हणाले. कोटाच्या आत घामाने शर्ट भिजला, तरी कोट काढला नाही. एकदा त्यांना पेंग आली आणि मान धबधब्याच्या दिशेने कलली, तेव्हा बाईंनी घसा खाकरून त्यांना जागं केलं. बाईंना आता यात भलताच रस आला होता. दर दहा मिनिटांनी त्या घड्याळाकडे बघून "छान चाललंय" म्हणत.

सातला आत्या दारात उभी राहिली. हातात पिशवी, पायात हॉस्पिटलातले पांढरे बूट. तिने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"चारपासून?"

"चारपासून, ताई."

"मधे उठला होतास?"

"एकदा. बाथरूमला."

"तेवढी मीही उठले होते," आत्या म्हणाली आणि आत आली.

आता चौकशीचं काम होतं आणि ते तिला डोळे मिटून येत होतं. वहीत ज्याच्यासाठी सगळे रांगेत थांबले होते ते उत्तर आलं होतं. तिने मोठ्या काकांना फोन लावला. "काका, आत्या आली." काका म्हणाले, "आलो." ते दुपारी तीनपासून बूट-टाय घालून सोफ्याच्या कडेवर बसले होते, हे नंतर काकूंनी सांगितलं. इस्त्री मोडेल म्हणून टेकलेही नव्हते. मग तिने धाकट्यांना फोन लावला. "काका, मोठे काका निघाले." त्यांचं उत्तर फोनमधून यायच्या आधी रस्त्यावरून आलं. समोरच्या चहाच्या दुकानात ते पावणेचारपासून पाचवा कप घेऊन बसले होते आणि तिथून त्यांना स्टुडिओचं दार स्वच्छ दिसत होतं.

"आणि आत नाही आलात?" चौकशीने विचारलं.

"दादा कुठे आला होता?" धाकटे काका म्हणाले, आणि हे त्यांना अजिबात विचित्र वाटत नव्हतं.

मोठे काका धापा टाकत पोचले. बाईंनी माळ्यावरून कुरकुरत आणखी दोन खुर्च्या काढल्या. चौथी नव्हतीच. इतका वेळ ज्या बाई 'किती' म्हणून जीव खात होत्या, त्यांच्याकडे मुळात तीनच खुर्च्या होत्या. चौथ्या जागी त्यांनी लहान मुलांच्या फोटोसाठी ठेवलेला लाकडी घोडा ओढून आणला. त्यावर धाकटे काका बसले. घोडा हलणारा होता, त्यामुळे तेही हलू लागले.

"सरक रे, गुंड्या," आत्या बाबांना म्हणाली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मग पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि बाबांच्या पुढे धरला. पावाचे तुकडे होते आणि दोन उकडलेली अंडी.

"तीन तास काही खाल्लं नसशील."

"नाही."

"मीही नव्हतं खाल्लं," आत्या म्हणाली. "खा."

बाबांचे डोळे भरून आले. "ताई, त्या दिवशी मी..." असं त्यांनी सुरू केलं, पण आत्याने त्यांच्या तोंडात अख्खं अंडं कोंबलं. मोठे काका छताकडे बघू लागले. धाकटे काका घोड्यावर होते तिथेच मान खाली घालून हलत राहिले.

"थांबा, त्यांना गिळू द्या आधी," बाई कॅमेऱ्यामागून म्हणाल्या.

"थांबायचं नाही," आत्या म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढा. पुन्हा विचारलंत तर हे तिघं एकमेकांना विचारत बसतील."

बाईंनी बटण दाबलं. फोटोत चौघं आहेत. धाकटे काका हललेत, मोठे काका वर बघतायत, बाबांचा एक गाल फुगलाय, आणि आत्या हातात उघडा डबा धरून सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. चौकशीने तो मोठा करून समोरच्या भिंतीवर लावला. बाबा रोज सकाळी त्याच्यासमोर उभं राहून अंडं खातात आणि विचारलं तर म्हणतात, त्या दिवशीचं नीट चावायचं राहिलं होतं.